तुम्ही विचारलंत म्हणून: नदीत सोडलेले मासे आणि संशोधनाचा पैसा

"मॅडम, नर्मदेत मासे घटले तर हॅचरीत अंडी उबवून वाढवलेली बोटुकली पिल्लं सोडायची, यात वाईट काय? आणि वाईट म्हणणारे शास्त्रज्ञ तरी कुणाच्या पैशावर बोलतात?"

मी प्राणिशास्त्र शिकवत होते हे कळलं की इंदुरात हे दोन प्रश्न मला जोडीनंच विचारले जातात. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी रामबागेत एखादं व्याख्यान संपल्यावर. महाशीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा, आणि आपल्या नळाला येतं ते पाणीही नर्मदेचंच. तेव्हा विचारणाऱ्याचा जीव त्यात असतो. उत्तर मात्र मी दूरच्या, समुद्रातून नदीत येऊन अंडी घालणाऱ्या सॅल्मन माशावरून देते, कारण नदीत मासे सोडून काय होतं याचा अनुभव त्याच्याइतका क्वचितच दुसऱ्या माशाबाबत जमा झाला असेल.

कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर १८७२ मध्येच सॅल्मनची हॅचरी सुरू झाली. पुढे कोलंबिया नदीवर धरणं आली, अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांची वाट अडली, आणि भरपाई म्हणून हॅचऱ्या वाढत गेल्या. किती पिल्लं सोडली आणि त्यातली किती मोठी होऊन परतली, एवढाच हिशेब वर्षानुवर्षं होत राहिला. परतलेल्यांची नदीत पुढे किती पिल्लं जगली हे कळायला आनुवंशिक चाचण्या याव्या लागल्या.

ओरेगनमधल्या हूड नदीवरचं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या एका धरणापाशी वर जाणारे स्टीलहेड मासे पकडून, नमुना घेऊन पुढे सोडत. स्टीलहेड म्हणजे सॅल्मनच्या कुळातला, समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट. अराकी, कूपर आणि ब्लाउइन यांनी २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये जे मांडलं त्याची रचना बघा. दोन्ही गट हॅचरीतच वाढलेले. एका गटाचे आईबाप दोघंही नदीतले. दुसऱ्या गटाचा एक पालक नदीतला, पण दुसरा स्वतः हॅचरीत वाढलेला. हॅचरी तीच, वाढवण्याची पद्धतही तीच, फरक फक्त वारशाचा. तरी नदीत गेल्यावर दुसऱ्या गटाची संतती पहिल्याच्या जवळपास निम्मीच निघाली. हॅचरीतल्या प्रत्येक पिढीमागे जननक्षमता सुमारे ४० टक्के घटते, असा त्यांचा अंदाज आहे.

कारण शोधायला लांब जायला नको. टाकीत गर्दी सोसणारा, हाताने टाकलेलं खाद्य पटकन खाणारा मासा जगतो. शत्रू दिसताच लपणाऱ्याला तिथे काही फायदा नसतो. त्याच नदीच्या माशांवर २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात, हॅचरीतल्या अवघ्या एका पिढीनंतर संततीतल्या ७२३ जनुकांचं काम वेगळं दिसलं. त्यात जखम भरणं आणि रोगप्रतिकार यांच्याशी संबंधित बरीच होती. गर्दीत एकमेकांना घासणाऱ्या, चावणाऱ्या माशांची ती गरज.

आता पैशाचं. हूड नदीच्या कामाला पैसा दिला बॉनव्हिल पॉवर अॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे कोलंबियाच्या धरणांची वीज विकणाऱ्या आणि भरपाई म्हणून हॅचऱ्यांना पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेने. निष्कर्ष तिला सोयीचा नव्हता, तरी तो छापला गेला. त्याच संस्थेच्या पैशावर आयडाहोतल्या जॉन्सन क्रीक या ओढ्यावर नेझ पर्स या मूळ अमेरिकी जमातीचा सॅल्मनचा प्रकल्प चालतो. तिथे पैदाशीला दरवर्षी नदीतलेच आईबाप घेतात. २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात तिथे मासे वाढले आणि नुकसान अगदी थोडं दिसलं. अलास्कात सरकार, हॅचरीचालक आणि मासळीवर प्रक्रिया करणारे उद्योग यांनी मिळून पैसा दिला, तरी गुलाबी सॅल्मनबाबतचं उत्तर हॅचरीच्या बाजूने आलं नाही. म्हणून पैसा कुणाचा हे कळलं की मी तो अभ्यास बारकाईने वाचते. फेकून देत नाही. उत्तर उलट आलं असतं तरी ते बाहेर येणार होतं का, हे मला महत्त्वाचं वाटतं. माझी खरी भीती वेगळी आहे. पैसा निष्कर्ष विकत घेण्याआधी प्रश्न निवडतो. "किती सोडले?" याला निधी सहज मिळतो, "त्यांची पुढची पिढी कुठे आहे?" याला मिळत नाही.

सोडलेल्या माशांमुळे नुकसान होणं आपल्याकडेही घडलं आहे. लोणावळ्याच्या हॅचरीतले निळ्या परांचे महाशीर देशभर गेले, कावेरीतही गेले. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर २०१८ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी यांचाही त्यात वाटा आहे, पण बाहेरून आणलेल्या भावंडांनी त्याची जागा घेतली हेही अभ्यासकांनी दाखवलं आहे.

म्हणून नर्मदेत बीज सोडायचं ठरलं की मी विचारते: आईबाप कुठल्या नदीचे? दरवर्षी नदीतून आणलेले, की टाकीतलेच? सोडलेल्यांवर खूण केली आहे का? काही वर्षांनी मोजणार कोण, आणि आकडा वाईट आला तर तो प्रसिद्ध करायचं बंधन करारात आहे का? शिवाय महाशीरला अंडी घालायला गोट्यांवरून वाहतं पाणी लागतं. नर्मदेवरच्या इंदिरासागर आणि ओंकारेश्वर धरणांच्या साठलेल्या पाण्यात ते कुठून आणणार? ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. ज्यांना मागायची असेल त्यांना अर्जाचा मजकूर मी लिहून देईन.