डेम्लोची वही: नऊ एक्क्यांचा वर्ग

मागच्या खेपेला ११११ चा वर्ग १२३४३२१ झाला होता. या आठवड्यात थेट नऊ एक्के घेतले. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलट वाचा की सुलट. हा गुणाकार कागदावरच करा. माझ्या स्प्रेडशीटने शेवटचे २१ गिळून तिथे ०० ठेवले, तिला पंधराच अंक पेलतात. कागदावर नऊ ओळी पायऱ्यांसारख्या सरकतात, मधल्या रकान्यात बरोबर ९ येतात आणि हातचा कुठेच लागत नाही.

अशा संख्यांना डेम्लो हे नाव देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी जी.आय.पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) एका स्टेशनावरून दिलं. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. (त्याच लाइनीवर मला आजवर फक्त चौथी सीट सुचली आहे.)

आता अवयव. १११११११११ = १११ × १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. खरी गोम इथे: ३३३६६७ मूळ आहे का? वर्गमूळ ५७७ च्या जरासं पुढे, तोवरच्या मूळ संख्या १०६. दोन संध्याकाळी भागत बसलो, १०१ पर्यंत पोचलो आणि मग ट्यूब पेटली. ही संख्या ९९९९९९९९९ ला भागते. म्हणजे तिच्या कुठल्याही मूळ अवयवाने १० च्या नवव्या घाताला भागलं की बाकी १. त्याआधीच्या घाताला १ उरत असेल तर तो अवयव ३ किंवा ३७ च. नाहीतर फर्माच्या छोट्या प्रमेयाने (२ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ संख्येतून १ वजा करून १० चा तेवढा घात घेतला, तर त्या संख्येने भागून बाकी १) त्या अवयवातून १ वजा केल्यावर ९ ने, आणि तो विषम म्हणून १८ ने, भाग जायलाच हवा. १९, ३७, ७३, १०९... अशा ५७७ पर्यंत फक्त १७ मूळ संख्या! ३ तर अंकांच्या बेरजेतच बाद. ३७ ने बाकी १ ठेवून चिडवलं. शेवटच्या ५७७ ला १६१ उरले. मूळच आहे.

म्हणून आपल्या सतरा अंकी संख्येत ३ चार वेळा, ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा. प्रत्येकाच्या घातात १ मिळवून गुणलं की विभाजक ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१.

हावरटपणाने दहा एक्केही करून पाहिले: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या १० चा हातचा ९ वर, त्याचा ८ वर, आणि डावीकडचा ८ गायब. पहिले आठ अंक बघा, १२३४५६७९. ते म्हणजे ३७ × ३३३६६७!

सध्या अकरा एक्क्यांचे अवयव शोधतोय. त्याच युक्तीने इथे २२ ने भागून १ उरणाऱ्याच मूळ संख्या बघायच्या. २३, ६७, ८९ झाल्या, एकीनेही भाग गेला नाही.