रोजची २७३ रुपयांची कॉफी सोडताना

जुलै २०२४ मध्ये आयकराचे विवरणपत्र भरण्यासाठी मी बँकेचे वर्षभराचे स्टेटमेंट काढले. हिशेब तपासणे हेच माझे काम असल्यामुळे एकच नाव वारंवार दिसू लागले की ते वेगळे काढायचे, ही सवय हाताला आहे. त्या स्टेटमेंटमध्ये पुण्यातल्या बाणेर रस्त्यावरच्या एका कॉफी शॉपचे नाव एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या काळात २३१ वेळा आले होते. एका कपाची किंमत २६० रुपये आणि त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २७३ रुपये. गुणाकार केला तेव्हा ६३,०६३ रुपये झाले. अधूनमधून घेतलेले केक आणि सँडविच त्यात धरलेलेच नव्हते. आमच्या घराच्या कर्जाचा हप्ता तेव्हा ३१,००० रुपयांचा होता. दोन हप्त्यांहून अधिक रक्कम मी कागदी कपातून पिऊन टाकली होती, आणि त्याच वर्षी मुलीच्या पोहण्याच्या वर्गाची फी जास्त वाटते म्हणून आम्ही तो वर्ग पुढे ढकलला होता. ही दुसरी गोष्ट मला अधिक लागली.

सवय कशी लागली, हे आधी सांगायला हवे, कारण ती सोडताना तेच उपयोगी पडले. मी कोथरूडला राहते आणि ऑफिस बाणेरला आहे. २०२२ मध्ये ऑफिसला रोज जाणे पुन्हा सुरू झाले तेव्हा वाटेतल्या चांदणी चौकात रस्त्याचे काम चालू होते. ऑक्टोबरमध्ये तिथला जुना पूल पाडला गेला आणि त्यानंतरचे कित्येक महिने सकाळी साडेआठनंतर निघाले की किती वेळ लागेल, याचा काही नेम नसे. म्हणून मी पावणेआठलाच स्कूटर काढू लागले. सव्वाआठला बाणेर गाठायचे आणि ऑफिस उघडायचे साडेनऊला. मधला सव्वा तास बसायला जागा हवी होती, ती त्या कॉफी शॉपने दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला, माझा प्रवास निम्म्यावर आला, आणि तरीही मी पावणेआठलाच निघत राहिले. ज्या अडचणीसाठी ती कॉफी सुरू झाली ती अडचण जवळजवळ वर्षभरापूर्वीच संपली होती, हे मला स्टेटमेंट समोर ठेवून बसेपर्यंत जाणवलेही नव्हते.

पहिला प्रयत्न मी रागाच्या भरात केला आणि तो चौथ्या दिवशी मोडला. एका सोमवारी कॉफी शॉपमध्ये गेले नाही, आणि आता करायचे तर पुरतेच करू, म्हणून ऑफिसच्या मशीनची दुपारची आणि चारची कॉफीही बंद केली. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास डोळ्यांच्या मागे जड दुखू लागले. दुपारपर्यंत समोरच्या आकड्यांवर नजर ठरेना, आणि संध्याकाळी मुलीने गणित विचारले तेव्हा मी तिच्यावर विनाकारण ओरडले. बुधवारी डोकेदुखीची गोळी घेतली आणि अर्ध्या तासात एकदम बरे वाटले. वेष्टन वाचले, तर त्या गोळीत कॅफिनही होते. गुरुवारी सकाळी मी पुन्हा त्याच काउंटरसमोर उभी होते.

त्यानंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले. मेंदूत दिवसभर अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते आपल्या जागी जाऊन बसले की थकवा आणि झोप जाणवते. कॅफिन ती जागा अडवून धरते. रोज अडवून धरले की मेंदू अशा जागा वाढवतो, आणि मग कॅफिन अचानक थांबले की अ‍ॅडेनोसिनचा परिणाम एरवीपेक्षा जास्त जाणवतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके दुखते. हा त्रास शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो, एक-दोन दिवसांत सर्वांत वाढतो आणि काहींना नऊ दिवसांपर्यंत राहतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत याची स्वतंत्र नोंद केली आहे. हे वाचल्यावर मला मोठा दिलासा मिळाला. माझा निश्चय कच्चा आहे, अशी मी समजूत करून घेतली होती. प्रत्यक्षात दिवसाचे तीन कप मी एका रात्रीत शून्यावर आणले होते आणि शरीराने त्याला ठरल्याप्रमाणे उत्तर दिले होते.

तेव्हा दुसऱ्या खेपेला मी पैसा आणि कॅफिन या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कॉफी शॉप सोडायचे होते. कॉफी सोडायचीच होती असे नाही. घरची कॉफी मात्र प्यावीशी वाटेल अशी हवी होती, आणि आमच्या घरी असलेली झटपट कॉफीची बरणी त्या कामाची नव्हती.

आमच्या मजल्यावर धारवाडच्या एक काकू राहतात. त्यांच्याकडून फिल्टर कॉफी शिकले, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आनंद या शिकण्यानेच दिला. साडेचारशे रुपयांचा स्टीलचा फिल्टर आणला. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात, त्यात पूड घालायची, दांडीची चकती त्यावर ठेवायची आणि उकळी येऊन क्षणभर निवलेले पाणी हळूहळू ओतायचे. पहिल्या दिवशी मी चकती जोर लावून दाबली, आणि सकाळी पाहते तो पाणी वरच्या वर तसेच. काकू म्हणाल्या, “दाबायचं नाही गं, नुसतं बसवायचं. पूड फुगायला जागा ठेव.” दुसऱ्या दिवशी पूड फार जाड दळलेली निघाली, डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरणारा कॉफीचा अर्क, पाच मिनिटांत गळून गेले आणि पाण्यासारखे लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी ते मधासारख्या रंगाचे, दाट उतरले. त्यात उकळते दूध घालून पहिला घोट घेतला, तेव्हा आता हे जमेल, असे मनापासून वाटले.

पुडीचा एक गुण मला अनपेक्षितपणे उपयोगी पडला. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत बहुधा चिकोरी असते. ही एका वनस्पतीची भाजून दळलेली मुळी. तिच्यात कॅफिन नसते. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असा नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापावे लागते. मी ८०-२० पासून सुरुवात केली, तीन आठवड्यांनी ६०-४० वर आले. चवीतला फरक कळत होता, पण डोके एकदाही दुखले नाही. त्याच वेळी ऑफिसमधली चारची कॉफी आधी बंद केली आणि दुपारची दोन आठवड्यांनी. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात. चारच्या कपामुळे रात्री साडेअकरापर्यंत झोप का येत नव्हती, तेही मग उमगले.

खर्चाचा हिशेब लगेच मांडता आला. तेव्हा अर्धा किलो पूड ३८० रुपयांना मिळे, एका कपाला साधारण १८ ग्रॅम. दूध आणि साखर धरून कप २२ रुपयांच्या आसपास पडे.

सर्वांत अवघड गेली ती जागा. कॉफी शॉपमध्ये काचेशेजारच्या खुर्चीवर मला पाऊण तास कोणी काही विचारत नसे. डबा, गॅसचा नंबर, शाळेची सूचना, यांतले काहीच तिथे पोहोचत नव्हते. पहिल्या आठवड्यात घरची कॉफी मी ओट्याशी उभी राहून, पोळ्या लाटता लाटता प्यायले आणि मनातून त्या खुर्चीसाठी झुरत राहिले. शेवटी एका रविवारी घरात सांगितले की सव्वाआठ ते पावणेनऊ मी बाल्कनीत बसणार, त्या वेळेत मला हाक मारू नये. ऑफिसला आता नऊला निघाले तरी पुरते, हे पूल झाल्यापासूनचे साधे सत्य मी तेव्हा प्रथमच वापरले. नवऱ्याने डब्याचे काम घेतले. सासूबाईंना सुरुवातीला ते विचित्र वाटले, “घरातच आहेस आणि हाक मारायची नाही?” असे त्या म्हणाल्याही, पण त्यांनी ते पाळले, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बाहेर पैसे मोजून जे मिळवत होते ते घरात मागायला मला दोन वर्षे लागली. आपल्याकडे बायकांना असा अर्धा तास मागणे अजूनही जड जाते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मोबाइलवरचे कॉफी शॉपचे अ‍ॅप मी काढून टाकले. शिल्लक २०० रुपयांखाली गेली की त्यात आपोआप हजार रुपये भरले जात. ती सोय आधी बंद केली. उरलेले ६४० रुपये मुलीला दोनदा तिथे घेऊन जाऊन संपवले. सप्टेंबरमध्ये पोस्टात पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडले, महिना ४,५०० रुपयांचे. मुलीचा पोहण्याचा वर्ग पुढच्या एप्रिलपासून सुरू झाला.

एकदा घसरले. ऑक्टोबरच्या अखेरीस लेखापरीक्षणाच्या घाईत सलग तीन दिवस मी त्या कॉफी शॉपमध्ये गेले. पहिल्या वेळेसारखे सगळेच सोडून न देता, चौथ्या दिवसाच्या आदल्या रात्री पुन्हा फिल्टर लावला, एवढेच.

आता रात्री नऊनंतर सासूबाईच विचारतात, “फिल्टर लावलास का गं?” त्यांना सकाळी अर्धा कप लागतो. बाल्कनीत दुसरी खुर्ची आली आहे. आम्ही दोघी तिथे बसतो आणि पावणेनऊपर्यंत बोलत नाही. अर्धा किलो पूड पूर्वी महिनाभर पुरत असे, ती आता विसाव्या दिवशी संपते.