सेकंडहँड गाडी घेतलीत? मग चासी नंबर टाकून रिकॉल तपासाच

रिकॉल म्हणजे सदोष भाग फुकट बदलून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावणं. इथे विषय आहे एअरबॅगच्या रिकॉलचा. एअरबॅग फुगते ती इन्फ्लेटरमुळे. इन्फ्लेटर म्हणजे धातूचा छोटा डबा, आत रसायनाच्या वड्या. धडक बसली की वड्या पेटतात, वायू तयार होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी भरते. जपानच्या ताकाता कंपनीने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं आणि लाखो इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषणारा पदार्थ घातलाच नाही. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उन्हाची तापणी सोसून या वड्या खराब होतात आणि पेटल्यावर हव्या त्यापेक्षा फार वेगाने जळतात. तो दाब डब्याला पेलत नाही. डबा फुटतो आणि धातूचे तुकडे पिशवी फाडून गळ्यात, चेहऱ्यात घुसतात. ज्या धडकेतून माणूस सहज वाचला असता, तशा धडकांतही जगात अनेक जीव गेले आहेत.

होंडाने भारतात जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या या कारणासाठी परत बोलावल्या. जानेवारी २०१८ मध्ये २०१३ च्या २२,८३४ अकॉर्ड, सिटी आणि जॅझ बोलावल्या. आज या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असणार. कंपनीचं पत्र किंवा एसएमएस जातो तो तिच्या नोंदीतल्या मालकाला, आणि बहुतेक वेळा ती नोंद पहिल्या मालकाची असते. आरटीओत नाव बदललं म्हणून कंपनीकडचं नाव आपोआप बदलत नाही. रिकॉल अडकतो तो इथेच. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत चाललेल्या गाड्यांची मला म्हणूनच जास्त काळजी वाटते.

आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या (कंपन्या रिकॉललाच असंही म्हणतात) पानावर टाका. गाडीचा नंबर टाकून उपयोग नाही. वेबसाइटवर काही दिसलं नाही तरी सर्व्हिस सेंटरला फोन करून ‘या चासीवर एखादं कॅम्पेन बाकी आहे का’ असं विचारा. त्याच फोनवर मालकाचं नाव आणि मोबाइल नंबरही बदलून घ्या.

कॅम्पेन बाकी निघालं तर पार्ट सर्व्हिस सेंटरमध्ये आल्याची खात्री करूनच गाडी न्या. वॉरंटी संपली असली तरी या कामाला पार्टचे आणि मजुरीचे पैसे लागत नाहीत. ‘सोबत सर्व्हिसिंगही करावं लागेल’ असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, रिकॉलचं काम वेगळं लिहून घ्या आणि शून्य रकमेचं बिल जपून ठेवा. गाडी विकताना तोच कागद पुरावा म्हणून कामाला येतो.

काम करताना मेकॅनिक बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबतो, कारण सिस्टीममध्ये उरलेल्या चार्जने एअरबॅग उघडू शकते. गाडी ताब्यात घेताना इग्निशन चालू करून पाहा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो पेटूनच राहिला तर बहुधा एअरबॅगच्या वायरचा पिवळा कनेक्टर नीट बसलेला नसतो. अशी गाडी घेऊन निघू नका, कारण तेव्हा एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. दिवा अजिबात लागलाच नाही तरीही तक्रार करा. भंगारातल्या गाडीची एअरबॅग तर कधीच बसवू नका, तीच सदोष असू शकते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड करू शकतं. पण ही सक्ती सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच आहे. ताकाताचा दोष मुळात जुन्या गाडीत वाढतो, त्यामुळे ही मर्यादा मला फार तोकडी वाटते. त्याहून जुन्या गाड्यांची भिस्त कंपनीच्या स्वेच्छेच्या रिकॉलवर आहे.

पार्ट यायला वेळ लागणार असेल, तर मागणी नोंदवल्याची तारीख लेखी घ्या. सदोष एअरबॅग डाव्या बाजूची असेल तर ती बदलेपर्यंत पुढच्या डाव्या सीटवर कोणालाही बसवू नका. स्टिअरिंगमधली असेल तर गाडी चालवायची की नाही हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, आणि तोवर ती उभीच ठेवा.