एक हिवाळा, तीन डिझेल पिकअप: कमिन्स, पॉवरस्ट्रोक, ड्युरामॅक्स

मागच्या नोंदीनंतर काम बरंच पुढे सरकलंय. माझ्या १९९७ च्या डॉज रॅम २५०० चं पुढचं गिअर कव्हर उघडून परत बसलं, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) झालं, इंजिनामागचे डिझेलचे रबरी पाइप बदलून झाले. पण ही नोंद एकट्या रॅमची नाही. शेजारच्या शेतकरी आजोबांची २००२ ची फोर्ड एफ-२५० आणि ओहायोतल्या डेटनच्या मित्राची २००६ ची शेव्हरोले सिल्व्हराडो, दोन्ही ह्या हिवाळ्यात माझ्याच शेडमध्ये होत्या. त्यामुळे तेच ते काम तीन वेगळ्या इंजिनांवर करून बघता आलं. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेचजण विचारत असतात की जुनी डिझेल पिकअप घ्यायचीय, कुठली घेऊ? तर हे माझं उत्तर समजा. थोडं लांबलंय.

नव्याने आलेल्यांसाठी ओळख. डॉजमध्ये १९८९ ते २००७ कमिन्सचं ५.९ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन यायचं. माझ्या गाडीतलं १२ व्हॉल्व्हवालं, बॉशच्या पी-७१०० इनलाइन पंपाचं. ते पिकअपमध्ये १९९४ ते १९९८ एवढंच मिळालं. मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर २१५ हॉर्सपॉवर. फोर्डचं ७.३ लिटर पॉवरस्ट्रोक म्हणजे व्ही-८, नाव फोर्डचं पण बनवलेलं नॅव्हिस्टारनं, आणि ते २००३ पर्यंत चाललं. सिल्व्हराडोतलं ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स जीएम आणि इसुझूच्या भागीदारीतलं. त्याचा कारखाना डेटनला लागूनच मोरेनला आहे, त्यामुळे मित्राला त्याचा घरचा अभिमान. त्याच्या गाडीतली आवृत्ती एलबीझेड, ३६० हॉर्सपॉवर. ताकदीत ती दोन्ही गाड्यांना सहज मागे टाकते, त्यावर वादच नाही.

कमिन्सचं मूळ गाव कोलंबस, इंडियाना. पुणेकरांना हे नाव सांगायला नको. किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये कोथरूडला सुरू झाली, आणि आज कोलंबसात मराठी बोलणारे भेटतात ते त्याच धाग्यानं. पुढे टाटा कमिन्सनं ह्याच बी सिरीजची ५.९ लिटरची इंजिनं टाटाच्या ट्रकांना पुरवली. कराडच्या माझ्या मामांनी असे ट्रक पुणे-बेंगळुरू रस्त्यावर वर्षानुवर्षं चालवले. व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं तर म्हणाले, "अरे, हे तर आपलं कमिन्स! पिकअपमध्ये घातलंय होय?" मग लगेच दोन प्रश्न. "पंप कुठला आहे?" आणि "एअर धरली तर काढायला काय काय खोलावं लागतं?"

हॉर्सपॉवर किती, ओढते किती, ह्यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मी तेव्हापासून प्रत्येक गाडीला हाच दुसरा प्रश्न विचारतोय, कारण टिकाऊपणा म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं निम्मं इथेच ठरतं. बिघाड तिन्ही इंजिनांत होतात. बिघडणारी वस्तू आपल्या हाताला लागते का, आणि बिघडण्याआधी ती काही सांगते का, एवढंच मी बघतो.

तर एअरपासून, म्हणजे डिझेलच्या लाइनीत अडकलेल्या हवेपासून सुरुवात. माझ्या १२ व्हॉल्व्हला कॅमवर चालणारा यांत्रिक फीड पंप (टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा) आहे, त्याला हातानं दाबायचं बटण. फिल्टर बदलला की ते बटण दाबत बसायचं, तरीही स्टार्ट झाली नाही तर नोझलकडचे, म्हणजे इंजेक्टरकडचे, नट एकेक करून सैल करायचे, सेल्फ मारायचा, डिझेल आलं की आवळायचे. मामांच्या ट्रकचीच पद्धत. फोर्डला चासीवर इलेक्ट्रिक पंप. चावी दोन-चारदा ऑन-ऑफ केली की झालं. फिल्टर इंजिनाच्या वर, मधोमध, उभ्यानं बदलता येतो. ह्या एका कामात फोर्डला पूर्ण मार्क. ड्युरामॅक्सला मात्र टाकीपासून इंजिनापर्यंत फीड पंपच नाही. हाय प्रेशर पंपच डिझेल खेचतो. फिल्टरच्या डोक्यावर हातपंप दिलाय, एअर काढायला छोटा स्क्रूही आहे, पण तिथवर पोचायचं तर उजव्या पुढच्या चाकाच्या कमानीतून हात घालावा लागतो. खेचणाऱ्या लाइनची आणखी एक खोड म्हणजे गळती दिसत नाही. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, आणि सकाळी गाडी उशिरा स्टार्ट. हातपंपाच्या जुन्या ओ-रिंगा हे त्याचं नेहमीचं कारण. नोझलवर संशय घेऊन खर्चात पडण्याआधी त्या बघाव्यात. माझ्या गाडीतही टाकी ते फीड पंप हा तुकडा खेचणाराच आहे, म्हणून ते मागचे पाइप भेगा दिसायची वाट न बघता बदलले.

आता गिअर कव्हर. १२ व्हॉल्व्हवाल्यांना 'किलर डॉवेल पिन' माहीत असेलच. टायमिंग गिअरची केसिंग ब्लॉकवर नेमकी बसावी म्हणून एक पोलादी पिन ठोकलेली असते. तिला बाहेरून अडवणारं काही नाही. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं ती सरकत पुढे येते. नशीब चांगलं तर तेलाच्या चेंबरमध्ये पडते, नाहीतर गिअरच्या दातांत, आणि मग केसिंग फुटते, कॅम फिरायचा थांबतो, पुढचं सांगायला नको. हा दोष सुरुवातीच्या २४ व्हॉल्व्ह इंजिनांतही आहे. उपाय अगदी साधा: शेजारच्या बोल्टखाली एक पत्र्याची पट्टी अशी बसवायची की ती पिनेच्या तोंडावर येते. पट्टी क्षुल्लक, पण तिथवर पोचायला पंखा, बेल्ट, क्रँकची पुली, कव्हर सगळं काढावं लागतं. आमची पिन जागेवरच होती. केसिंगचे हाताशी येणारे सगळे बोल्ट लॉकटाइट (बोल्ट सैल न होऊ देणारा डिंक) लावून आवळून घेतले. करणाऱ्यांसाठी सूचना: क्रँकचं पुढचं नवं सील कोरडंच बसवायचं. सवयीनं त्याच्या ओठाला तेल फासाल तर ते नक्की गळेल.

कव्हर उघडंच होतं म्हणून टॅपेटही करून घेतले. सहा सिलिंडरना सहा वेगळी झाकणं, त्यामुळे एकेक उघडून काम होतं. इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२०, इंजिन थंड असताना. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सगळ्यात वर, म्हणजे टॉपला आणायचा, निम्मे टॅपेट करायचे, क्रँक पूर्ण एक फेरा फिरवायचा, उरलेले करायचे. टॉप शोधायला पंपामागे टायमिंग पिन आहे, ती प्लास्टिकची. जोर लावू नका आणि क्रँक फिरवण्याआधी ती मागे ओढलीय ना हे बघा. ७.३ मध्ये हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे हे कामच नाही. फोर्डवाले आजोबा खुर्ची टाकून बसले होते आणि दर थोड्या वेळानं हे मला ऐकवत होते.

त्यांना उत्तर वॉटर पंपानं दिलं. ५.९ कमिन्सचा वॉटर पंप दोन बोल्टांवर असतो. बेल्ट काढा, दोन बोल्ट, नवी ओ-रिंग, परत दोन बोल्ट. कूलंट काढायला जो वेळ लागतो तोच खरा वेळ. ७.३ ला पंखा काढावा लागतो, बोल्ट जास्त, पण सगळं समोर आहे. ड्युरामॅक्सचं घोडं नेमकं इथे पेंड खातं. त्याचा वॉटर पंप बेल्टवर नाही, गिअरवर चालतो, आणि तो क्रँकच्या पुलीमागे दडलाय. ती पुली धरणारा मधला बोल्ट इतका घट्ट असतो की साध्या पान्यानं हलतही नाही. शंभर रुपयांच्या कुलपासाठी अख्खा दरवाजा चौकटीतून काढावा, तसं ते काम. पंप स्वतः चांगला टिकतो, हेही सांगायला हवं. पण लाखभर मैल चाललेली एलबीझेड घेत असाल तर हे काम पुढे-मागे तुमच्या वाट्याला आहे असं धरूनच भाव करा.

७.३ बद्दल माझं मत ह्या हिवाळ्यात बदललं. चांगल्या अर्थानं. त्याचे इंजेक्टर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात. ऑइलचा वेगळा हाय प्रेशर पंप आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स फक्त कधी आणि किती ते ठरवतं. म्हणून ऑइल जुनं झालं की त्याचा परिणाम थेट इंजेक्टरवर दिसतो, आणि ऑइल लागतं १५ क्वार्ट, म्हणजे १४ लिटरच्या आसपास. कमिन्सला ११ क्वार्ट, ड्युरामॅक्सला १०. ७.३ ची नेहमीची दुखणी दोन. एक कॅम पोझिशन सेन्सर: तो गेला की चालती गाडी बंद. कंपनीनं त्यासाठी रिकॉलही काढला होता. पण तो पुढच्या बाजूला एका बोल्टवर बसतो, आणि ७.३ वाले एक जादा सेन्सर डॅशबोर्डच्या खणात ठेवूनच फिरतात. दुसरं, व्हॉल्व्ह कव्हरखालून जाणारी इंजेक्टरची वायरिंग. तिचे जोड सैल होतात आणि इंजिन एका बाजूनं मिस करतं. दोन्ही घरच्या हत्यारांत बसणारी कामं. कूलंटकडे मात्र लक्ष हवं. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला पाण्यातले सूक्ष्म बुडबुडे फुटून खड्डे पडतात, त्यासाठी जुन्या हिरव्या कूलंटमध्ये एक रसायन घालावं लागतं आणि अधूनमधून पट्टीनं तपासावं लागतं. आजोबा ते नेमानं करतात.

पण "फोर्ड डिझेल चांगली" एवढं ऐकून २००३ नंतरची ६.० लिटर उचलू नका. ऑइल कूलर तुंबतो, त्यामुळे ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा) तापून फुटतो, मग हेड पॅकिंग जातं. हेडच्या कामासाठी अनेक मेकॅनिक केबिनच चासीवरून उचलून ठेवतात, कारण तसं ते सोपं पडतं! हे सगळं एकदा नीट करून घेतलेली ६.० चांगली चालते म्हणतात, आणि तशा गाड्या आहेतही. माझी तेवढी हौस नाही. त्यानंतरच्या ६.४ वर शब्द खर्च करत नाही.

ड्युरामॅक्समध्येही वर्षं बघून घ्या. २००१ ते २००४ च्या एलबी७ चे इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत आहेत आणि ते इतके जाऊ लागले की जीएमला त्यांची वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. पुढच्या आवृत्त्यांत ते बाहेर आले. एलबीझेडला बॉशचा सीपी-३ हाय प्रेशर पंप आहे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, आणि मागे सहा गिअरचा अ‍ॅलिसन ऑटोमॅटिक. तो गिअरबॉक्स ह्या तिन्ही गाड्यांतला सर्वोत्तम. त्याचा फिल्टर ऑइल फिल्टरसारखा बाहेरून फिरवून निघतो, आणि आतल्या चुंबकावर किती चुरा साठलाय ते बघून गिअरबॉक्सची तब्येत कळते. मित्राला रोज ऐंशी मैल जायचंय आणि सुट्टीत घोड्यांचा ट्रेलर ओढायचाय. त्याला मी रॅम सुचवणार नाही. आवाज आणि बसण्याचा त्रास, दोन्हींनी तो आठवड्यात कंटाळेल.

सीपी-३ चा उल्लेख मुद्दाम केला. २०११ पासूनच्या फोर्ड ६.७ मध्ये, जीएमच्या २०११ ते २०१६ च्या एलएमएल ड्युरामॅक्समध्ये आणि २०१९-२० च्या रॅममध्ये सीपी-४ पंप आला. त्यातला रोलर कॅमवर आडवा फिरला की धातूचा भुगा होतो आणि तो रेल (इंजेक्टरना डिझेल वाटणारी नळी), इंजेक्टर, टाकीपर्यंत पसरतो. पंप एकटा बदलून भागत नाही, पूर्ण डिझेल सिस्टिम बदलावी लागते. इथल्या डिझेलचं वंगण हा त्यातला एक भाग आहे. गंधक कमी करताना डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणा जातो आणि तो अ‍ॅडिटिव्हनं भरून काढावा लागतो. घर्षण चाचणीत अमेरिकेत ५२० मायक्रॉनपर्यंतचा ओरखडा चालतो, युरोपात आणि भारतात ४६०. रॅमनं २०२१ मध्ये सीपी-३ परत आणला आणि आधीच्या गाड्या रिकॉल केल्या. माझ्या दुसऱ्या कसोटीवर सीपी-४ सपशेल नापास, कारण तो आधी काही सांगतच नाही.

कमिन्सवाल्यांनी फुशारून जायचं कारण नाही. १९९८ च्या मध्यापासून आलेल्या २४ व्हॉल्व्हमध्ये व्हीपी-४४ पंप आहे, त्याला फीड पंपाचा दाब कमी पडला की तो मरतो. म्हणून ती गाडी घेतली की डिझेल प्रेशरचा काटा आधी बसवा, टेप रेकॉर्डर नंतर. त्यातल्या काही ब्लॉकवर '५३' असा आकडा ओतलेला असतो. ते बाजूनं तडकतात. खाली वाकून आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि इंजिन कितीही अमर असलं तरी त्याभोवतीचा डॉज तसा नाही. डॅशबोर्ड तडकतो, पुढच्या अ‍ॅक्सलचा ट्रॅक बार (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) ढिला होऊन स्टिअरिंग भरकटतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ह्या टॉर्कपुढे कमी पडतो.

शिवाय इथे मीठ आहे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ ब्रेकचे पाइप, टाकीचे पट्टे, चासी सगळं खातं. तिन्ही गाड्यांची सगळ्यात जास्त कटकट इंजिनात नव्हतीच, गंजलेल्या बोल्टांत होती. दक्षिणेतली, जास्त मैल चाललेली पण कोरडी गाडी मी इथल्या कमी मैलांच्या गाडीपेक्षा आधी बघेन.

सध्या रॅम उभी आहे ती गिअरबॉक्ससाठी. तिच्या एनव्ही-४५०० मॅन्युअल गिअरबॉक्समधला पाचव्या गिअरचा नट शाफ्टवर सैल होत जातो आणि एक दिवस पाचवा पडेनासा होतो. नवा नट मागवलाय, मागचं केसिंग खोलायचंय, आणि जीएल-४ दर्जाचं सिंथेटिक तेल लागेल. जीएल-५ भरू नका, आतल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. ट्रॅक बार त्याच्या पाठोपाठ. कुणी हा नट गाडीखाली झोपून, गिअरबॉक्स न उतरवता बदलला असेल तर कुठला सॉकेट वापरला ते कळवा.