युरियाची वही : ओडो १८,४६० ते २६,७३०

पंपावर ‘डीईएफ आहे का?’ विचारलं की पोरगा दोन सेकंद नुसता बघतो. ‘युरिया आहे का?’ म्हटलं की लगेच बोट दाखवतो. डीईएफ म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला एक्झॉस्टमध्ये फवारतात तो द्रव, त्याची टाकी वेगळी. ट्रकवाल्यांनी शब्द रुळवलाय, तो आपण बदलायला जाऊ नये. माझ्या वहीवरही युरियाच लिहिलंय, आणि प्रत्येक नोंदीवर ओडो, म्हणजे ओडोमीटरवरचे एकूण किलोमीटर.

गाडी डिझेल, धुराच्या बीएस-६ नियमांच्या दुसऱ्या टप्प्यातली, म्हणजे एप्रिल २०२३ नंतरची. रोजचं धावणं कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकातून. म्हणजे अर्धा वेळ धावणं आणि अर्धा वेळ पुढच्या गाडीचा नंबर वाचणं.

ओडो १८,४६०

सर्व्हिसच्या बिलात ‘डीईएफ टॉप अप’ एवढंच. किती लिटर घातलं ते विचारलं तर ‘सर, फुल केलंय’. ठीक आहे, फुल तर फुल. इथून वही सुरू.

वहीचं कारण असं की, युरियाच्या टाकीचा काटा डिझेलच्या काट्यासारखा बोलका नसतो. माझ्या गाडीत चार काड्या आहेत. तीनवरून दोनवर कधी येतात ते कळत नाही, आणि पहिली सूचना येते ती २,४०० किलोमीटर उरले की. त्याकडे काणाडोळा करत शून्यावर गेलात तर चालती गाडी थांबत नाही, पण एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. मला ‘कधी भरायचं’ यापेक्षा ‘खातेय किती आणि कशावर’ यात जास्त रस होता.

मोजायला साधन काय? विमानप्रवासासाठी घेतलेला बॅगांचा काटा, हुकवाला. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. त्याची घनता १.०९, म्हणून दहा लिटर म्हणजे १० किलो ९०० ग्रॅम. कॅन भरायच्या आधी टांगायचा, भरल्यावर टांगायचा, फरकाला १.०९ ने भागायचं. पार्किंगमधली जागा तीच, जमीन सपाट, आणि कॅनच्या नळीतून येणारी धार आपोआप थांबली की आपणही थांबायचं. त्या नळीत हवेची वेगळी वाट असते. टाकीतली पातळी टोकाला लागली की हवा अडते आणि धार बंद होते. ‘अजून थोडं बसेल’ म्हणत कॅन हलवायचा नाही.

(वर टेकडीवर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांच्या धुराच्या चाचण्या होतात आणि खाली पार्किंगमध्ये मी कॅन टांगून उभा. वॉचमनकाकांनी पहिल्यांदा विचारलं, ‘साहेब, रद्दी देताय का?’)

ओडो २२,९१०

फेब्रुवारीचा पहिला रविवार. नाना पेठेतून दहा लिटरचा कॅन आणला. दुकानदाराने आधी जो पुढे केला त्यावरची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती. मागच्या रांगेतला मागितला, तो दोन महिन्यांचा निघाला. हे मागायला लाजू नका. कॅनवर आयएसओ २२२४१ (डीईएफचं मानक) लिहिलेलं आहे का एवढंच बघून लोक घेतात, पण द्रव ताजा आहे का हे त्यावरून कळत नाही.

घरी आल्यावर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून उजेड किती वाकतो त्यावरून द्रवातलं प्रमाण सांगणारी नळी. कूलंट आणि बॅटरीतलं आम्ल तपासायला घेतला होता, त्यात अ‍ॅडब्लूचीही (डीईएफचंच दुसरं नाव) पट्टी असते. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य लावायचं, काच पुसायची, मग डीईएफचा थेंब. उजेडाकडे धरून पाहिलं : निळ्या-पांढऱ्याची सीमा ३२.६ वर. चालतंय. मानकात ३१.८ ते ३३.२ इतकी मोकळीक आहे.

आधी कॅन ११.४२ किलो, भरल्यावर ७.१७. फरक ४.२५ किलो, म्हणजे ३.९ लिटर. ४,४५० किलोमीटरला ३.९, म्हणजे लिटरला साधारण १,१४० किलोमीटर. याच काळात डिझेल ३४१ लिटर गेलं होतं. शंभर लिटर डिझेलमागे सव्वा लिटरसुद्धा युरिया नाही. मी खूश. गाडी काटकसरी आहे असं घरी सांगूनही टाकलं.

थोडा सांडलाही. जुन्या कॅनच्या सवयीने शेवटी नळी बाहेर काढताना अंगठा सुटला आणि अर्धा कप बंपरवर. तेव्हा काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बंपरच्या कडेला मिठागर. पांढरे, टोकदार स्फटिक, नखाने खरवडले तर चुरा होणारे. कोमट पाणी ओतलं, विरघळून गेले. तांबं, पितळ, जस्त यांवर मात्र हे बसू देऊ नका, धातू खातं. म्हणूनच घरातली पितळी चाळणी किंवा पत्र्याचं नरसाळं यात वापरायचं नाही. ऑइलचं नरसाळं तर मुळीच नाही, धुतलेलं असलं तरी.

भरल्यावर काड्या लगेच वाढल्या नाहीत. चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो तेव्हा चार झाल्या.

आणखी एक : गाडी बंद केल्यावर मागून मिनिटभर घर्र असा आवाज येतो तो बिघाड नाही. पंप नळीतला युरिया परत टाकीत ओढून घेत असतो, नाहीतर तो नळीतच सुकून स्फटिक होईल. त्या मिनिटात बॅटरीची वायर काढू नका.

मधली नोंद, ओडो नाही

मावसभाऊ दौंडहून आला होता. ऊस आहे त्याचा. कॅनवरचं लेबल वाचून म्हणाला, ‘दादा, ह्यात युरियाच तर आहे. माझ्याकडं पोती पडलीत. एक टाकतो गाडीत, वर्षभर पुरेल.’

हिशेब त्याचा चुकीचा नव्हता, पदार्थ चुकीचा होता. आपल्याकडचा शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा निमलेपित असतो, आणि ते तेल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टला (जिथे ऑक्साइड मारले जातात तो भाग) नको. दुसरं बाययुरेट, युरिया बनताना सोबत तयार होणारी अशुद्धी. शेतीच्या युरियात ते दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफच्या द्रावणात ०.३ टक्क्याच्या वर नाही. पाण्यात विरघळवून पातळ केलं तरी दीड टक्क्याचं अर्ध्या टक्क्याजवळ राहतं. आणि पाणी? खडकवासल्याचं पाणी प्यायला गोड असेल, पण डीईएफमध्ये कॅल्शियम किलोमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आत लागतं. शिवाय अनुदानाचा युरिया गाडीत घालणं कायद्याने गुन्हा, ते वेगळंच.

‘मंग तुझी गाडी माझ्या उसापेक्षा नाजूक आहे,’ म्हणाला. आहे खरी.

ओडो २६,७३०

जूनची सुरुवात. या ३,८२० किलोमीटरमध्ये दोन मोठ्या फेऱ्या : ताम्हिणीतून दिवेआगर, आणि मे मध्ये आंबा घाटाने रत्नागिरी. पाच माणसं, येताना डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी पूर्ण.

या वेळी गेला ५.४५ किलो, म्हणजे बरोबर ५ लिटर. लिटरला ७६४ किलोमीटर. डिझेल २६८ लिटर. म्हणजे शंभराला जवळजवळ १.९. डिझेलचं मायलेज तर उलट सुधारलं होतं, तेरावर नाही, सव्वाचौदावर!

यावर दोन संध्याकाळी घालवल्या. नायट्रोजनचे ऑक्साइड डिझेलमधून येत नाहीत, हवेतल्याच नायट्रोजनपासून सिलिंडरमधल्या प्रचंड उष्णतेत तयार होतात. घाट चढताना भार जास्त, उष्णता जास्त, ऑक्साइड जास्त. मग त्यांचा नायट्रोजन आणि पाणी करायला अमोनिया जास्त, आणि तो गरम एक्झॉस्टमध्ये युरियापासूनच होतो, म्हणजे युरिया जास्त. ही एक बाजू. दुसरी बाजू मला जास्त लागली. युरिया फवारायला एक्झॉस्ट साधारण २०० अंशांच्या आसपास तापलेला लागतो, थंड पाइपात फवारला तर तिथेच खडे बसतात. चांदणी चौकात पहिल्या गिअरमध्ये रांगताना तो तितका तापतच नाही, मग गाडी युरिया देतच नाही. फेब्रुवारीत मी जिला काटकसर म्हणत होतो ती निम्मी तरी उपासमार होती. घरी सांगितलेलं मागे घेतलेलं नाही अजून.

आता शहरातच फिरणाऱ्यांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट. खप कमी म्हणजे युरिया पडून राहतो, आणि पडून राहिलेला उन्हाळ्यात म्हातारा होतो. मानकाच्या तक्त्यात २५ अंशांना १८ महिने, ३० ला १२, आणि ३५ ला फक्त ६. फेब्रुवारीतला उरलेला कॅन मी माळ्यावर टाकला होता. वरती गच्ची. मे मध्ये तिथं थर्मामीटर ठेवला तर दुपारी ३७.

कॅन खाली काढला. टांगला. ७.१७ नव्हे, ६.८९. २८० ग्रॅम गेले कुठं? नळीचं टोपण नीट बसलं नव्हतं. थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर : ३४.०. कागदावर मांडलं. रिकामा कॅन अर्धा किलो धरला तर आधी ६.६७ किलो द्रव होता, त्यात ३२.६ टक्क्याने २.१७ किलो युरिया. तेवढाच युरिया आता ६.३९ किलोत, म्हणजे ३४.० टक्के. बॅगांचा काटा आणि रिफ्रॅक्टोमीटर दोघांचं एकमत! पाणी उडालं, युरिया तिथंच. या आनंदात कॅन वाया गेल्याचं दुःख जरा हलकं झालं.

२८० मिली डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा ३२.६ करायचा मोह झाला. नाही केला. रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रमाण सांगतो, उघड्या टोपणातून चार महिन्यांत काय पडलं ते सांगत नाही, आणि बॅटरीचं पाणी किती शुद्ध हेही नाही. नवा कॅन आणला, त्यातूनच ५ लिटर भरले.

नवा कॅन कुठे ठेवायचा हा प्रश्न. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली घरातलं सगळ्यात थंड ठिकाण आहे, थर्मामीटरने सिद्ध करून दाखवलं. ‘तिथं माझे तांदूळ असतात,’ एवढंच उत्तर मिळालं. सध्या दिवाणाखाली, टोपण दोनदा तपासून. यापुढे पाच लिटरचाच घेणार, महाग पडला तरी.

जुना कॅन मावसभावाला देऊन टाकला. भरपूर पाण्यात मिसळून उसाला घाल म्हटलं, कधी काळी दोन किलो चांगला युरिया होता. त्याने तो हातात घेऊन झुलवला.

‘पोतं पंचेचाळीस किलोचं येतं, दादा. तू दोन किलो देतोयस, तेपण भिजवून.’