वीस वर्षं थांबलं की शेअर वर जातातच, मग तुम्ही सरकारी रोखे कशाला घेता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. (सरकारी रोखे म्हणजे सरकारला ठराविक मुदतीसाठी दिलेलं कर्ज; त्यावर ठरलेलं व्याज मिळतं आणि मुदतीअखेर मुद्दल परत येतं.) कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी चालताना हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच, निवृत्त झालेले किंवा व्हायला आलेले, हातात फंडाचे पैसे असलेले.

मला या वाक्यातल्या 'जातातच' मधल्या 'च'ची भीती वाटते. कारण जपान.

२९ डिसेंबर १९८९ ला जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक (आपल्या सेन्सेक्ससारखा) ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. ३४ वर्षं! मधे मार्च २००९ मध्ये तो ७,०५४ पर्यंत खाली आला होता. सोनी, टोयोटासारख्या कंपन्या असलेला, शिस्तीचा, कष्टाळू देश हा. १९८९ मध्ये आपला सेन्सेक्स हजाराच्याही खाली होता आणि २०२४ च्या त्याच दिवशी ७३,००० च्या वर. (निक्केईच्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो, आणि दर महिन्याला थोडं थोडं घेणाऱ्याची स्थिती याहून बरी राहिली असती, हेही खरं.)

पण त्याच जपानमध्ये १९९० साली दहा वर्षांचे सरकारी रोखे सात-आठ टक्क्यांनी घेऊन ठेवणारा माणूस सुखी होता. पुढे व्याजदर उतरत उतरत २०१६ मध्ये शून्याच्याही खाली गेले. महागाई जवळजवळ नाहीच, त्यामुळे हातात येणारं व्याज खरोखरच हातात उरायचं.

आपल्याकडे तसं नाही. सात टक्के व्याजातून आधी कर जातो, उरलेलं बरंचसं महागाई खाते. म्हणून नुसत्या रोख्यांवर इथे म्हातारपण निघणार नाही, हे मी मान्य करते. माझेही पैसे शेअरच्या म्युच्युअल फंडात आहेत.

मात्र 'आपल्याकडे जपानसारखं झालंच नाही' असं कुणी म्हटलं की मला वडील आठवतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून ते मार्च १९९२ मध्ये निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी, सगळं एका ओळखीच्या दलालाच्या सांगण्यावरून पुढच्याच महिन्यात शेअरमध्ये घातलं. सेन्सेक्सने त्याच एप्रिलमध्ये ४,४६७ ला हात लावला आणि मग हर्षद मेहताचा शेअर घोटाळा बाहेर आला. वडील थांबले. दहा वर्षं थांबले, कुरकुर न करता. २००२ च्या दिवाळीनंतर आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सेन्सेक्स ३,००० च्या आसपास होता, आणि वडिलांकडच्या निम्म्या कंपन्यांना तर गिऱ्हाईकच नव्हतं. त्या दशकात बँकेतल्या साध्या ठेवीलाही दहा-बारा टक्के मिळत होते. पुढच्याच वर्षी बाजार उसळला, पण ऑपरेशन वर्षभर थांबणारं नव्हतं. पैसे मामांनी दिले. वडिलांनी ते फेडले, पण त्यानंतर त्यांनी घरात पैशांबद्दल बोलणं सोडलं.

म्हणून माझा हिशेब असा आहे. जे पैसे येत्या दहा वर्षांत कधीही लागू शकतात, ते रोख्यांत. रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' या ऑनलाइन सेवेवर खातं फुकट उघडतं, दहा हजारांपासून रोखे घेता येतात, व्याज सहा महिन्यांनी बँकेत जमा होतं. मधेच विकायला गेलात आणि दरम्यान व्याजदर वाढलेले असले तर किंमत कमी येते. म्हणून मुदत आपल्या गरजेशी जुळवून घ्यायची आणि शेवटपर्यंत ठेवायचे.

माझ्या रोख्यांची मुदत २०३३ मध्ये भरेल. तेव्हा मी एकाहत्तरची असेन. शेअरच्या फंडातले पैसे मुलीसाठी आहेत, ती सध्या तिशीत आहे. तिला मी जपानचा तो ३४ वर्षांचा आलेख दाखवला आहे, आणि तिच्या आजोबांची गोष्टही सांगितली आहे.