मेंढी कुणाकडे?

मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाची पानं हातात आली की ती नीट लावायच्या आधीच नजर मेंढ्या, म्हणजे दश्श्या, शोधते. चार रंगांच्या चार दश्श्या, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या, म्हणजे दोन-दोन वाटल्या जात असणार, असं आपण मनाशी धरून चालतो. हिशेब तसं म्हणत नाही.

पहिली मेंढी आपल्या जोडीकडे येण्याची शक्यता ५२ पैकी २६. ती आली की आपल्या सव्वीस जागांतली एक भरली आणि गठ्ठ्यातलंही एक पान गेलं. म्हणून दुसरीसाठी ५१ पैकी २५, तिसरीसाठी ५० पैकी २४, चौथीसाठी ४९ पैकी २३. गुणाकार ५.५ टक्के. दर वेळी निम्मे धरले असते तर ६.२५ आले असते. दोन-दोन वाटणी ३९ टक्के डावांत होते. तीन-एक, मग तीन कुणाच्याही असोत, जवळजवळ ५० टक्के. मेंढ्या असमान पडल्या म्हणून वाटणाऱ्याकडे संशयाने बघायचं काही कारण नाही.

पिसण्याकडे मात्र जरूर बघावं. मागच्या डावातले हात उचललेले असतात चार-चार पानांचे, बहुतेक एकाच रंगाचे. ते हातातल्या हातात जेमतेम पिसले आणि पाच-चार-चार असे वाटले, की चौकडीच्या चौकडी एकाच्या पदरात पडते. गठ्ठ्याचे दोन भाग करून पानं एकमेकांत सोडत पिसली, तर ती नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावी लागतात, असं बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. आपल्याकडच्या वरवरच्या पिसण्याला सात वेळा अजिबात पुरत नाहीत. पण एवढं पिसत बसणाऱ्याला बाकीचे तिघे खेळू देतील का, हा प्रश्न आहेच.

स्वतःची तेरा पानं पाहिली की छेदात ५२ ठेवायचे नाहीत. चूक होते ती नेमकी इथे. न पाहिलेली पानं ३९. हातात एक मेंढी असेल तर भिडूकडे निदान एक असण्याची शक्यता उलटीकडून काढावी. त्याच्याकडे एकही नसण्याची शक्यता २६/३९ × २५/३८ × २४/३७, म्हणजे सुमारे २८ टक्के. उरलेले ७२ टक्के आपल्या बाजूचे.

आता कट हुकूम, म्हणजे चालू रंग ज्याच्याकडे नसेल त्याने कापायला टाकलेल्या पानाचा रंग हुकूम ठरतो तो प्रकार. एक्क्यासकट बदामाची पाच पानं हातात असतील तर बाहेर आठ. दोघा विरोधकांपैकी कुणाकडे तरी बदाम अजिबात नसण्याची शक्यता पाच टक्के. सात पानं असतील तर चौदा, आणि नऊ असतील तर पस्तीस! रंग लांब म्हणून एक्का भक्कम वाटतो, आणि तोच कापला जातो.

पाच पानांतून एक्का खेळलो, तिघांनीही बदाम दिलं. आता राजा टाकावा का? बाहेर पाच बदाम, तिघांकडे बारा-बारा पानं. सरळ सूत्र लावलं तर राजा कापला जाण्याचा धोका २२ टक्के दिसतो. खरा धोका २९ टक्के आहे. सूत्र असं समजतं की टाकलेलं पान डोळे मिटून ओढलं. पण रंग असला की द्यावाच लागतो. ज्याच्याकडे एकच बदाम होतं, त्याने तेच दिलं आणि मोकळा झाला. म्हणून विचारायचं ते असं: ‘प्रत्येकाकडे निदान एक होतंच, तर कुणाकडे नेमकं एकच होतं?’

यात भिडूचा धोका धरलेला नाही. त्याचेही बदाम संपलेले असण्याची शक्यता पंधरा टक्के आहे, आणि त्याने उत्साहाच्या भरात आपल्याच राजावर हुकूम केला, तर पुढचा वाद किती वेळ चालेल ते मोजायला सूत्र नाही.